गणपतीहून परतल्यावरचा पहिला आठवडा: एका लहान कारखान्यातलं प्रकरण

पार्श्वभूमी

भोसरी एमआयडीसीत पत्र्याचे प्रेस-पार्ट बनवणारा एक भागीदारीतला कारखाना आहे. पंचवीस-एक कामगार, दोन मोठे ग्राहक, साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. हिशेबाला दोनच माणसं. एक अकाउंटंट, जिला सगळा कारखाना ‘ताई’ म्हणतो, आणि तिच्या हाताखाली बी.कॉम. होऊन नुकताच लागलेला मुलगा. मी या कारखान्याचं ऑडिट करते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. तारखा मात्र जशाच्या तशा ठेवल्या आहेत, कारण हे प्रकरणच तारखांचं आहे.

ताईचं सासर कणकवली तालुक्यात. घरचा गणपती गौरीबरोबर जातो, आणि तिच्या सासूबाईंचं म्हणणं ठाम असतं, ‘गणपती वर्षाक एकदाच येता.’ त्यामुळे वर्षातली एकच मोठी रजा ती घेते, ती ही. साहेबांनी, म्हणजे कारखाना चालवणाऱ्या भागीदाराने, या रजेला कधी नकार दिलेला नाही. रजा मंजूर करणं सोपं असतं. अवघड असतं ते रजेवरून परत आलेल्या माणसाला नीट कामावर घेणं, आणि त्याचा विचार या कारखान्यात कुणी केला नव्हता. बहुतेक ठिकाणी करत नाहीत.

हिशेबखात्याला सप्टेंबर हा महिना कसा जातो हे बाहेरच्यांना चटकन कळत नाही. 7 तारखेला टीडीएस भरायचा. 11 ला जीएसटीआर-1, म्हणजे विक्रीचं विवरण. 15 ला पीएफ आणि ईएसआय, त्याच दिवशी आगाऊ प्राप्तिकराचा दुसरा हप्ता. 20 ला थ्रीबी, म्हणजे प्रत्यक्ष जीएसटी भरणा. आणि 30 ला टॅक्स ऑडिटची मुदत. या तारखा सहसा हलत नाहीत. चतुर्थी मात्र दरवर्षी हलते. 2023 साली ती 19 सप्टेंबरला होती, 2024 साली 7 सप्टेंबरला, 2025 साली 27 ऑगस्टला. त्यामुळे गेल्या वर्षी रजेचं जे गणित जमलं, ते या वर्षी चालेलच असं नाही.

अडचण

2023 साली काय झालं ते आधी सांगायला हवं. 20 तारखेची थ्रीबी ताईने गावाहून भरली, ऋषिपंचमीच्या दिवशी. घरात रेंज नव्हती, म्हणून ऋषीची भाजी निवडायची अर्धवट सोडून ती लॅपटॉप घेऊन सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या माळावर, गेली. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर पोर्टल उघडायचं, साहेबांना फोन करून त्यांच्या मोबाईलवर आलेला ओटीपी विचारायचा, तोवर पान बंद पडायचं. विवरण वेळेत गेलं. साहेबांनी कौतुकही केलं. कौतुक मनापासूनचं होतं, पण त्याने एक गोष्ट झाकली गेली: तिची रजा त्या दिवशी संपली होती. पुढचे दिवस ती गावी होती एवढंच.

सोमवारी, 25 तारखेला, ती कामावर आली. आदल्या रात्रीच प्रवास झालेला. खुर्चीत बसल्या बसल्या पत्र्याच्या व्यापाऱ्याचा मेल दिसला, पैसे थकले आहेत म्हणून. टॅलीत, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, खातं पाहिलं, बाकी दिसत होती. तिने पेमेंट टाकलं, साहेबांनी मोबाईलवर मंजूर केलं. दोन दिवसांनी कळलं की तेच बिल साहेबांनी शुक्रवारी स्वतः भरलं होतं आणि त्याची एन्ट्री करायची राहिली होती. रक्कम दोन लाखांच्या आसपास. व्यापारी सज्जन होता, पुढच्या बिलात वळते केले. पण कॅश क्रेडिटची, म्हणजे बँकेच्या खेळत्या कर्जाची, मर्यादा आधीच काठावर होती, आणि त्या आठवड्यात कामगारांच्या उचली देताना ओढाताण झाली.

साहेब चिडले नाहीत, पण ‘सुट्टीचा मूड उतरला नाही वाटतं’ असं बोलून गेले. ताईला हे वाक्य लागलं. तिच्याकडून असली चूक त्याआधी मी पाहिलेली नव्हती. ऑक्टोबरमध्ये तिने मला सांगितलं की दिवाळीनंतर नोकरी सोडायचा विचार आहे.

दुबार पेमेंटचं मूळ सुट्टीच्या मूडमध्ये नव्हतं. परत आलेल्या माणसाच्या डोक्यात कारखान्याचं जुनं चित्र असतं. टॅलीतलं चित्रही अपुरं असतं, कारण त्या दिवसांतल्या निम्म्या गोष्टी कुणाच्या तरी तोंडीच राहिलेल्या असतात. अशा वेळी जो जितका तत्पर, तितकी चूक होण्याची शक्यता जास्त. ताई तत्पर होती.

यात संशोधनाचाही आधार आहे आणि मला तो महत्त्वाचा वाटतो, कारण तो कारकुनी काम करणाऱ्यांवरच झालेला आहे. तेल अवीव विद्यापीठाच्या मीना वेस्टमन आणि डोव्ह इडन यांनी 1997 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 76 कारकुनांना रजेच्या आधी, रजेत आणि रजेनंतर प्रश्न विचारले होते. कामाचा शिणवटा रजेत उतरला. पण कामावर परतल्यावर तिसऱ्याच दिवशी तो काही अंशी परत आला आणि तीन आठवड्यांत पूर्वीइतका झाला. म्हणजे रजेची कमाई फार टिकत नाही. पण ती तीन तासांत संपवायची की तीन आठवडे पुरवायची, यात थोडं आपल्या हातात असतं.

समोर असलेले पर्याय

2024 च्या ऑगस्टमध्ये आम्ही चौघं, म्हणजे साहेब, ताई, तो मुलगा आणि मी, कॅलेंडर घेऊन बसलो. चतुर्थी शनिवारी, 7 सप्टेंबरला. 11 तारीख, म्हणजे जीएसटीआर-1 चा दिवस, नेमकी गौरीपूजनाची. गौरीविसर्जन 12 ला. ताई 13 ला निघून रात्री पोचणार आणि शनिवारी, 14 ला, कामावर येणार.

साहेबांचा पहिला प्रस्ताव होता की तिने दीड दिवस राहून यावं. यात दुष्टपणा नव्हता, काळजी होती. जीएसटीआर-1 उशिरा गेला तर दोन्ही मोठ्या ग्राहकांच्या टूबीत, म्हणजे त्यांना मिळणाऱ्या कर-वजावटीच्या महिन्याच्या यादीत, आमची बिलं त्या महिन्यात दिसत नाहीत आणि ते जीएसटीची रक्कम अडवून ठेवतात. लहान कारखान्याला हे परवडत नाही. पण ज्या घरात गौरी बसते तिथल्या सुनेला गौरीच्या आधी परत बोलावणं म्हणजे रजा न देणंच झालं, हे साहेबांनाही बोलता बोलता पटलं.

दुसरा पर्याय 2023 चाच, लॅपटॉप गावी न्यायचा. ताई स्वतः याला तयार होती, आणि याच ठिकाणी मी अडून बसले. जबाबदार माणूस असा पर्याय स्वतःहून सुचवतो म्हणूनच तो नाकारायचं काम दुसऱ्याने करावं लागतं.

तिसरा, त्या महिन्याचं सगळं विवरणाचं काम माझ्या ऑफिसने करायचं. ते शक्य होतं, पण मग कारखान्यातला मुलगा काहीच शिकला नसता, आणि आमच्या प्रत्येक शंकेसाठी फोन शेवटी ताईलाच गेला असता.

शेवटी ठरलं ते असं: काम मुलाने करायचं, पाठवण्याआधी माझ्या ऑफिसने नजर टाकायची, आणि ताईने परत आल्यावर पहिले दोन दिवस एकही व्यवहार करायचा नाही. हा शेवटचा भाग साहेबांच्या गळी उतरायला सगळ्यात जास्त वेळ लागला. ‘आठ दिवस नाही, आणि वर आल्यावर दोन दिवस नुसतं बसायचं?’ त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता. मी त्यांना 2023 चं दुबार पेमेंट दाखवलं आणि विचारलं, पहिल्या तासातल्या त्या तत्परतेची किंमत किती पडली? त्यांनी मान्य केलं, पण अटीवर: एखादं देणं खरंच अडलं तर ते थांबता कामा नये. ही अट योग्यच होती. म्हणून बँकेच्या पेमेंटची नोंद करण्याचा अधिकार सोमवारपर्यंत मुलाकडे ठेवला आणि मंजुरी नेहमीसारखी साहेबांकडे. काम थांबलं नाही, फक्त ताईचा हात थांबवला.

काय केलं

निघण्याआधी ताईने ऑगस्टची खरेदी बिलं 3 तारखेपर्यंतच घ्यायची असं सगळ्या पुरवठादारांना कळवलं. टीडीएस 5 लाच भरून टाकला. मग एक लाँगबुक घेतलं आणि अर्धवट असलेली प्रत्येक गोष्ट त्यात लिहिली. नुसतं ‘अमुक ग्राहकाचं डेबिट नोट प्रकरण बघणे’ असं लिहून चालत नाही, हे आम्ही आधी बोललो होतो. तिच्या एका पानावर असं होतं: ‘रिजेक्शनचे नग स्टोअरला आलेत, मोजणी झालेली नाही. त्यांच्या खरेदीखात्यातल्या मॅडमशी बोलणं झालंय, त्या 18 पर्यंत थांबतील. फोन आला तर एवढंच सांगणे. मोजल्याशिवाय आकडा कबूल करू नये.’ हे वाचणाऱ्याला काय करायचं ते कळतं आणि काय करायचं नाही तेही. पानाची उजवी बाजू तिने कोरी सोडली होती, मुलाने तिथे रोज तारीख घालून काय घडलं ते लिहायचं.

फोनबद्दल स्पष्ट ठरलं. कारखान्यातून कुणीही ताईला थेट फोन करायचा नाही. अडलं तर माझ्या ऑफिसला. आम्ही तिला फोन करायचा तो दोनच कारणांनी: सरकारी खात्याची नोटीस आली तर, किंवा बँकेने खातं गोठवलं तर. यापैकी काही झालं नाही आणि तिला एकही फोन गेला नाही. व्हॉट्सअॅपचा ग्रुप ती अधूनमधून वाचत होती, ते तिने नंतर सांगितलं. पण ‘वाचलं तरी उत्तर द्यायचं नाही हे ठरलेलं होतं, त्यामुळे डोक्यात राहिलं नाही’, हे तिचेच शब्द.

11 तारखेला मुलाने जीएसटीआर-1 तयार करून आमच्याकडे पाठवला, आम्ही करांचे दर आणि ग्राहकांचे जीएसटी नंबर तपासले, साहेबांनी ओटीपी दिला, संध्याकाळी विवरण गेलं. गुरुवारी कारखाना बंद. शुक्रवारी पीएफचं चलन भरलं गेलं.

शनिवार, 14 तारीख. ताई साडेदहाला आली. फोंडा घाटातून कोल्हापूरमार्गे येताना गर्दीत गाडी अडकली होती, घरी पोचायला रात्रीचा एक वाजला होता. तिच्या टेबलावर ठरल्याप्रमाणे काहीच ठेवलं नव्हतं. कागद मुलाच्या टेबलावर होते. ती त्याच्या शेजारी खुर्ची घेऊन बसली, लाँगबुक उघडलं, आणि दीड वाजेपर्यंत तो सांगत होता, ती ऐकत होती. अधूनमधून प्रश्न. ज्या गोष्टी मिटल्या होत्या त्यांवर हिरवी खूण, अडलेल्यांवर लाल, आणि ज्यांना तिचीच गरज होती त्यांच्यापुढे तिच्या नावाचं अक्षर. लाल आणि अक्षरवाल्या मिळून दोन पानंही भरली नाहीत. तिला वाटलेला डोंगर केवढा होता आणि निघाला केवढा, हे खुणा पडेपर्यंत कळलं नव्हतं.

अकराच्या सुमारास प्लेटिंगवाल्याचा, म्हणजे पार्टवर मुलामा चढवून देणाऱ्याचा, फोन आला. ताई परत आली हे त्याला कसं कळलं कोण जाणे. पैसे आजच हवेत, नाहीतर संध्याकाळचा माल सोडणार नाही. मुलाने फोन तिच्याकडे सरकवला, ‘ताई, आता तुम्ही आलात, बघा ना.’ या सगळ्या प्रकरणातली कसोटीची वेळ हीच. तिने फोन घेतला असता तर ठरवलेलं सगळं तिथेच मोडलं असतं, आणि त्याहून वाईट म्हणजे मुलाने आठ दिवस सांभाळलेलं काम पहिल्या फोनला त्याच्याकडून काढून घेतल्यासारखं झालं असतं. ती म्हणाली, ‘तुला माहितीये कुठवर आलंय ते, तूच बोल.’ त्याने लाँगबुक बघून सांगितलं, दोनपैकी एक बिल मंगळवारीच दिलंय, दुसरं आज टाकतो. टाकलं. साहेबांनी मंजूर केलं. माल सुटला. खातं पाहून ताईने दोन्ही बिलं टाकली असती का? मंगळवारची एन्ट्री टॅलीत होती, त्यामुळे कदाचित नसती टाकली. पण तो धोका घ्यायची गरजच पडली नाही.

दुपारी तिने मेल वाचले, नव्यापासून जुन्याकडे. हे साधं वाटतं पण फरक पडतो. जुन्यापासून सुरुवात केली की मिटलेल्या भांडणांना आपण उत्तरं देत बसतो. एकाही मेलला तिने उत्तर दिलं नाही. साडेचारला घरी गेली.

रविवारी, बसायला वेळ होता म्हणून, तिने एक कंटाळवाणं काम केलं. गेलेल्या जीएसटीआर-1 मधले बिलांचे क्रमांक ओळीने तपासले. मालिकेत एक क्रमांक नव्हता. रद्द झालेल्या बिलांतही नव्हता. शोधत गेल्यावर ते बिल डिस्पॅचच्या फाइलमध्ये सापडलं: 31 ऑगस्टच्या रात्री माल गेला होता, आणि टॅलीत तारीख 1 सप्टेंबरची पडली होती. त्यामुळे ते ऑगस्टच्या विवरणातून सुटलं. मुलाच्या लक्षात आलं नाही, आणि या कारखान्याला ई-इनव्हॉइसची, म्हणजे प्रत्येक बिल सरकारी पोर्टलवर नोंदवण्याची, सक्ती लागू नसल्याने पोर्टलवरही ते आपोआप दिसलं नसतं. सुदैवाने जीएसटीआर-1ए ही सोय त्याच सुमारास सुरू झाली होती, ज्यात त्या महिन्याची थ्रीबी भरण्याआधी राहिलेलं बिल घालता येतं. सोमवारी ते घातलं.

मंगळवारी अनंत चतुर्दशीला कारखाना बंद. बुधवारी, 18 ला, थ्रीबी भरली. मुदतीच्या दोन दिवस आधी, आणि पूर्ण कर.

माझ्या ऑफिसचाही एक निर्णय होता. टॅक्स ऑडिटसाठी लागणाऱ्या कागदांची यादी 14 तारखेला तयार होती. नेहमीच्या सवयीने ती त्याच दिवशी मेल झाली असती. आम्ही ती 18 च्या संध्याकाळपर्यंत धरून ठेवली. चार दिवस उशिरा गेल्याने ऑडिटचं काही अडलं नाही. आधी गेली असती तर ती यादी तिच्या पहिल्या दिवसाच्या मानगुटीवर बसली असती.

निष्पत्ती

दुबार पेमेंट झालं नाही. विलंब शुल्क किंवा व्याज पडलं नाही. सुटलेल्या बिलाचा कर वेळेत गेला. तो तसाच राहिला असता तर वार्षिक 18 टक्के दराने व्याज लागलं असतं आणि ग्राहकाशी वाद झाला असता तो वेगळा. त्या एका बिलाची कर-वजावट ग्राहकाला पुढच्या महिन्याच्या टूबीत मिळाली, त्यांच्या खरेदीखात्याला आधीच कळवलं होतं म्हणून त्यांनी तो विषय वाढवला नाही. टॅक्स ऑडिट 30 च्या आत झालं. 29 सप्टेंबरला मुदत 7 ऑक्टोबरपर्यंत वाढली, पण असल्या मुदतवाढीच्या भरवशावर कुठल्याही हिशेबखात्याने राहू नये.

ताई ऑक्टोबरच्या मध्यावर पुन्हा थकलेली दिसली. हे लपवण्यात अर्थ नाही. पण 2023 ला ती कामावर आली त्याच दिवशी थकली होती. नोकरी सोडण्याचा विषय तिने पुन्हा काढला नाही.

आणि मुलगा बदलला. प्लेटिंगवाला आता फोन त्यालाच करतो.

पुन्हा करायचं झालं तर

सगळ्यात मोठी उणीव मुलाच्या बाबतीत राहिली. तो भोसरीतल्याच मंडळाचा कार्यकर्ता. त्या दिवसांत तो रोज उशिरापर्यंत कारखान्यात होता, मंडळाच्या आरतीला एकदाही वेळेत पोचला नाही. ताई परत आल्यावर त्याला दोन दिवस रजा द्यायची हे कुणाच्याच मनात आलं नाही. तीही शांतपणे कामात शिरली आणि तोही तसाच कामात राहिला. रजेवरून येणाऱ्याची वाट सोपी करताना ती वाट दुसऱ्याच्या पाठीवरून जात असेल तर त्याची भरपाई रजेच्या आधीच तारखेनिशी लिहून ठेवली पाहिजे. ‘देऊ नंतर’ म्हटलेली रजा मिळत नाही, विशेषतः सप्टेंबरात.

रात्री एकला घरी पोचून सकाळी साडेदहाला कामावर येणं हेही टाळता आलं असतं. ताईचा आग्रह होता की एक दिवस कशाला वाया घालवायचा. तो दिवस वाया जात नाही. कपडे धुवायला, घरात भाजी आणायला, झोपायला लागतोच. घरी नाही मिळाला तर माणूस तो ऑफिसात जांभया देत घेतो. 2025 साली तिने मधला दिवस ठेवला, मुलाने आपले दोन दिवस आधीच मागून घेतले, आणि साहेबांनी न विचारता सही केली.

तारीख चुकलेल्या बिलाचं मूळ हिशेबखात्यात नव्हतंच, डिस्पॅचमध्ये होतं. महिन्याच्या शेवटच्या रात्री गेलेल्या मालाची बिलं दुसऱ्या दिवशी एन्ट्रीला येतात, ही चाल ताई रोज तिथे असल्याने तिच्या नजरेतून सुटत नसे. तिच्या डोक्यात असलेली ही तपासणी लाँगबुकात उतरली नव्हती. आता जीएसटीआर-1 पाठवण्याआधी बिलांच्या मालिकेचा पहिला आणि शेवटचा क्रमांक कागदावर लिहून मधले मोजायचे, हे त्या लाँगबुकाच्या पहिल्या पानावर आहे.

2026 साली चतुर्थी 14 सप्टेंबरला, सोमवारी येते. जीएसटीआर-1 आधीच जाईल, पण पीएफ आणि आगाऊ कर दुसऱ्याच दिवशी, आणि 20 ची थ्रीबी रविवारी, ताई गावी असताना. म्हणजे या वेळी विक्रीचं विवरण नाही, प्रत्यक्ष कर भरणा मुलाला एकट्याने करावा लागणार. ऑगस्टमध्ये भरायची थ्रीबी ताई शेजारी बसून त्याच्याकडून भरून घेणार आहे, तिने हात न लावता.